आजोबांची दुनळी: दुरुस्त करावी की तशीच ठेवावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूरकडच्या एका घरात आजोबांची बारा बोरची, बाहेर घोडे (म्हणजे ठोका देणाऱ्या छोट्या हातोड्या) असलेली दुनळी बंदूक आहे. आजोबा गेल्यावर ती काही वर्षं परवानाधारक दुकानात जमा होती. आता नातवाच्या नावावर परवाना झाला आणि बंदूक घरी आली. दस्त्याला, म्हणजे मागच्या लाकडाला, मानेत चीर आहे, त्यावर कुणीतरी तांब्याची तार गुंडाळली आहे. उजव्या नळीला तोंडापासून वीतभर अंतरावर पोचा आहे. डाव्या घोड्याचं शेपूट मोडलंय. आतून गंज. नळ्यांवर वेलबुट्टीसारख्या रेषा दिसतात आणि मधल्या पट्टीवर ‘लंडन’ असं कोरलेलं आहे. विचारलंय ते तीन गोष्टींबद्दल: चालू करता येईल का, किंमत किती येईल, आणि तिच्यावर पैसे घालण्यात अर्थ आहे का?

मी जवळजवळ तीस वर्षं बंदुका उघडतोय, तेव्हा उलट्या क्रमाने सांगतो. आधी काय करू नका ते. गणपतीच्या आधी देवाची भांडी घासतात तशी ही बंदूक घासायला घेऊ नका. चिंच, लिंबू, पितांबरी, पॉलिश पेपर, ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश, यातलं काहीही नको. माझ्याकडे येणाऱ्या बंदुकांपैकी निम्म्यांचं नुकसान गंजाने केलेलं नसतं, गंज काढणाऱ्याने केलेलं असतं. गंज हळूहळू खातो. उत्साही माणूस एका रविवारात खातो. सध्या फक्त शिलाई मशीनचं तेल लावून, पुसून, कोरड्या जागी ठेवा. खोबरेल लावू नका. कोकणात ती जुनी सवय आहे हे मला माहीत आहे, पण खोबरेल थंडीत थिजतं, पुढे खवट होतं आणि धातूला चिकटून बसतं. आणि ठेवताना नळीचं तोंड खाली, दस्ता वर. हे का, ते पुढे लाकडाच्या बोलण्यात येईल.

परवाना तुमच्या नावावर झालाय, म्हणजे निम्मी डोकेदुखी संपली. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतो. ‘शंभर वर्षं जुनी आहे, म्हणजे अँटिक, म्हणजे परवाना लागत नाही’ हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. १९५९च्या शस्त्र कायद्यातलं कलम ४५ जुन्या, कालबाह्य शस्त्रांना सूट देतं खरं, पण शब्द नीट वाचा: जे दुरुस्तीने किंवा दुरुस्तीविनाही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला. बारा बोरची काडतुसं आजही मिळतात आणि घोडा दुरुस्त होतो. तेव्हा मोडका घोडा आणि गंजलेली नळी दाखवून ही सूट मिळत नाही. माळ्यावर कुणाला अशी बंदूक सापडली तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानात जमा करायची, पावती घ्यायची आणि मग वारसाचा अर्ज. दुरुस्तीसुद्धा परवानाधारकाकडेच, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेली तर तोही अडकतो आणि तुम्हीही. नळी आखूड करून घेणं तर वेगळाच गुन्हा. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेलीही त्यातच मोजतात. तुमच्या परवान्यावर ती ‘डीबीबीएल’ म्हणून लिहिलेली असेल, म्हणजे दोन नळ्यांची, मागून भरायची. परवान्यावरचा क्रमांक आणि बंदुकीवरचा क्रमांक ताडून पाहा. आजोबांच्या काळात कारकुनाने चुकीच्या जागेचा आकडा उतरवून घेतल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि विकायच्या दिवशीच ती उघड होतात.

आता बंदूक हातात घेऊ. पहिलं काम, ती रिकामी आहे का ते पाहणं. हसू नका. ठासणीच्या बंदुकीत गज आत घालून बाहेरच्या लांबीशी ताडून पाहिल्याशिवाय मी तिच्याजवळ दिवासुद्धा आणत नाही. दोन पिढ्या भिंतीवर टांगलेली एक बंदूक माझ्या टेबलावर भरलेली निघाली होती. तुमची मागून उघडते, त्यामुळे सोपं आहे. फक्त एक गोष्ट. जुन्या बाहेरच्या घोड्यांच्या बंदुकांत घोडा पडला की ठोक्याच्या पिनेवर टेकूनच राहतो. स्वतःहून मागे सरणारे घोडे १८६७च्या सुमाराला आले आणि नंतर सर्रास झाले. तुमचा घोडा टेकून राहत असेल तर आधी दोन्ही घोडे अर्ध्यावर आणा आणि मगच खालची किंवा वरची कळ फिरवून उघडा, नाहीतर पिनेचं टोक मोडेल. आणि रिकामा चाप ओढून ‘टक्’ आवाज ऐकायचा मोह आवरा. पिना त्यानेच मोडतात.

दस्ता, घोडे, नक्षी हे सगळं बाजूला ठेवा. नळ्या वाचल्या तर बंदूक वाचली. लाकडाला लाकूड जोडता येतं, घोडा भरून घडवता येतो, स्प्रिंग नवी बनते. पण नळीच्या भिंतीतून गेलेलं लोखंड परत येत नाही. म्हणून मी गिऱ्हाइकाशी बोलायच्या आधी नळ्या सोडवून घेतो.

पहिली परीक्षा कानाची. पुढचं लाकूड काढायचं, काडतूस बाहेर ढकलणारा तुकडाही काढायचा, नाहीतर तोच खडखडतो. नळ्यांच्या खालच्या हुकात बोट किंवा दोरा अडकवून त्या टांगायच्या आणि बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारायची. देवळातल्या लहान घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला तर ठीक. फुटक्या मडक्यासारखा ‘थप्प’ आला, किंवा नादात माशी गुणगुणल्यासारखी खरखर असली, तर दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी डाखातून (सोल्डरमधून) सुटली आहे. पट्टी सुटली की तिथून पाणी आत जातं, आणि आत साठलेलं पाणी दोन नळ्यांच्या मधल्या भागाला बाहेरून खात राहतं. ते दिसत नाही आणि तिथे कापडही पोचत नाही. कोकणातल्या बंदुकांत हे फार.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. नळी खिडकीकडे धरा, थेट उजेडाकडे नको, चौकटीच्या कडेकडे. आत उजेडाची वलयं दिसतील. नळी हळूहळू फिरवा. वलय कुठे मोडलं, पाण्यात खडा पडल्यासारखं वाकडं झालं, तर तिथे पोचा. अख्खं गोल गडद कडं दिसलं तर तिथे फुगवटा. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोचा म्हणजे बाहेरून आत दबलेलं लोखंड, तो बहुतेक वेळा आतून नेमक्या मापाचा गट्टू सरकवून हळूहळू उठवता येतो. फुगवटा म्हणजे नळीत काही अडकलेलं असताना बार उडाला आणि लोखंड ताणून पातळ झालं. बाहेरून ठोकून तो दाबलेला दिसला तरी पातळपणा तिथेच राहतो. तुमच्या वर्णनावरून तुमचा पोचाच वाटतो. पडताना कुठल्या तरी दगडावर आपटली असेल. तो तसाच ठेवून बार काढला तर छर्रे त्याला आतून घासत जातात आणि तिथलीच भिंत झिजते. तेव्हा पोचा उठवेपर्यंत त्या नळीतून काही उडवायचं नाही.

तिसरी परीक्षा मोजमापाची, आणि इथे भल्याभल्यांची बंदूक नापास होते. भिंतीची जाडी मोजायला लांब दांड्याचं माप येतं. त्याने नळी टोकापासून मागेपर्यंत, चारही बाजूंनी मोजायची. इंग्रजी धंद्यात २० थाउ, म्हणजे इंचाचे वीस हजारांश, साधारण अर्धा मिलीमीटर, ही किमान जाडी चांगली समजतात. कायद्याने ठरवलेली नाही, जाणकारांची रीत आहे. ही जाडी नळीच्या मधल्या-पुढच्या भागात सर्वांत कमी असते, म्हणजे बरोबर तिथे, जिथे तुमचा डावा हात नळीला धरतो. मागे, जिथे काडतूस बसतं, तिथे भिंत कितीतरी जाड असते. लोक तो जाड भाग बघून ‘काय मजबूत आहे हो’ म्हणतात.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आरशासारख्या नळ्या घेऊन आले. आत तोंड दिसावं इतकी झिलई. गंजाचा एकही खड्डा नाही. त्यांनी ती मोठ्या किमतीला घेतली होती. मी माप सरकवत नेलं आणि एका जागी काटा १४ थाउवर थांबला. खड्डे घालवण्यासाठी कुणीतरी आतून नळी इतकी घोटली होती, की खड्ड्यांबरोबर नळीही गेली. तेव्हापासून मला शंभर वर्षांच्या नळीत चार प्रामाणिक खड्डे दिसले की बरं वाटतं. अर्थात खड्डे कुठे आहेत ते महत्त्वाचं. तोंडाशी असतील तर मी फारसं मनावर घेत नाही. काडतुसाच्या घराच्या पुढे, हातभर अंतरात खोल असतील तर घेतो, कारण दाब तिथेच सर्वांत जास्त.

आतला व्यासही मोजायचा, मागच्या टोकापासून नऊ इंचांवर. बारा बोर म्हणजे काय, तर नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड. तो व्यास ०.७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिलीमीटर. व्यास नळीवर ठोकलेल्या आकड्यापेक्षा दहा थाउने वाढला असेल, तर ब्रिटिश नियमाने ती बंदूक ‘प्रूफ’बाहेर गेली. म्हणजे ज्या चाचणीचा शिक्का तिच्यावर आहे ती चाचणी आता तिला लागू नाही.

हा प्रूफचा शिक्का काय असतो ते सांगायला हवं, कारण तुमच्या बंदुकीचं कुलवृत्तांत तिथेच लिहिलेलं आहे. नळ्या सोडवून उलट्या करा. मागच्या टोकाला खालच्या बाजूला जो सपाट भाग आहे, तिथे बारीक शिक्के असतात. पट्टीवरचं सोनेरी नाव कुणीही कोरतं. हे शिक्के सरकारमान्य प्रूफ हाउसचे. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवून बघायची, तगली तर शिक्का मारायचा. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३चं. आपल्याकडे आलेल्या इंग्रजी बंदुकांपैकी बहुतेक बर्मिंगहॅमच्या. मुकुटाखाली एकमेकांवर फुलीसारखे ठेवलेले राजदंड दिसले की तेच. लंबगोलात ‘ईएलजी’ अशी रोमन अक्षरं दिसली तर बंदूक बेल्जियमच्या लिएजची. त्यावर छोटा मुकुट असेल तर १८९३नंतरची, नसेल तर आधीची.

आणि इथेच ‘लंडन’चा निकाल लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिएजमध्ये ढिगांनी स्वस्त बंदुका बनत, आणि प्रसिद्ध इंग्रज कारागिराच्या नावातलं एखादं अक्षर इकडेतिकडे करून त्या जगभर विकल्या जात. पट्टीवर ‘लंडन’, खाली ‘ईएलजी’, अशी जोडी मी मोजायची सोडून दिली आहे. तुमची तशी निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. त्यातल्या कित्येक बंदुकांनी इमानाने शंभर वर्षं रानडुकरांपासून शेतं राखली आहेत. पण किंमत लंडनची येणार नाही.

काही शिक्क्यांचे लोक भलतेच अर्थ लावतात. ‘नॉट फॉर बॉल’ असं लिहिलेलं असेल तर ती १८७५ ते १८८७ या काळातली. नळीचं तोंड आवळलेलं आहे, तेव्हा सबंध गोळी उडवू नका, एवढाच अर्थ. शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत १२ आणि त्याखाली सी असेल तर १८८७नंतरची. आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं, ‘नायट्रो प्रूफ’ किंवा मुकुटाखाली ‘एनपी’ अक्षरं आहेत की नाहीत. ब्रिटनमध्ये बिनधुराच्या दारूची वेगळी चाचणी १८९६ला ऐच्छिक म्हणून सुरू झाली आणि १९२५च्या नियमांपासून छर्र्याच्या सगळ्या बंदुकांना सक्तीची झाली. तो शिक्का नसेल तर बंदूक फक्त काळ्या दारूवर तपासलेली आहे. आणि आज दुकानात मिळणारं काडतूस, खडकीचं शक्तिमान घ्या किंवा बाहेरचं घ्या, बिनधुराच्या दारूचंच असतं.

वेलबुट्टीच्या रेषा म्हणताय, म्हणजे बहुधा दमास्कस नळी. नाव दमास्कसचं, पण माल बेल्जियमचा नाहीतर बर्मिंगहॅमचा. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र तापवून कांब करायची, ती सुंभासारखी पिळायची, अशा दोन-तीन कांबी शेजारी ठेवून चपटी फीत करायची आणि ती फीत दांड्याभोवती गुंडाळत भट्टीत ठोकून जोडायची. बांगडीवाला लाखेची वेटोळी वळतो ना, तसं; फक्त पांढऱ्या आचेत. म्हणजे तुमची नळी एकसंध नाही, टोकापासून टोकापर्यंत एक लांब जोड आहे. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि दारू पेटवणाऱ्या जुन्या टोप्यांमधले क्षार गंज चढवतात. हे सगळं त्या जोडात शिरून बसलं असेल तर बाहेरून दिसत नाही आणि मापही सांगत नाही. म्हणून आंबट पदार्थ लावू नका म्हटलं. ॲसिड पहिलं त्या जोडालाच खातं. एक फसवणूकही सांगून ठेवतो: साध्या लोखंडी नळीवर वरून दमास्कसची नक्षी उमटवलेल्या स्वस्त बंदुकाही आहेत. पुढच्या लाकडाखाली झाकलेल्या भागात नक्षी तशीच सलग जाते का, ते पाहा.

एक सापळा राहिला. तुमच्या बंदुकीचं काडतुसाचं घर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलीमीटरचं असेल. हल्लीची बहुतेक काडतुसं ७० मिलीमीटरची. गंमत अशी, की ७०चं काडतूस ६५च्या घरात बिनतक्रार बसतं, कारण डब्यावर लिहिलेली लांबी बार उडाल्यानंतरच्या उघडलेल्या पुठ्ठ्याची असते. दुमडलेलं तोंड असताना ते आखूड असतं. बार उडाला की ते तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अडवतं आणि दाब वाढतो. ‘बसलं म्हणजे चालतं’ हा हिशेब इथे चुकतो.

आता सांधा. पुढचं लाकूड काढून, बंदूक मिटवून, नळ्या आडव्या हलवून पाहा. खुळखुळते? मिटवलेल्या बंदुकीत मागच्या भिंतीच्या आणि नळीच्या मधून उजेड दिसतो? मग हूक आणि बिजागरीची पिन झिजली आहे. योग्य इलाज म्हणजे नवी, किंचित जाड पिन किंवा हुकावर धातू भरून काजळी लावत लावत कानशीने बसवणं. काजळी म्हणजे खरोखरची चिमणीची काजळी. जिथे पुसली जाते तिथेच घासायचं, इतरत्र हात लावायचा नाही. अयोग्य इलाज दोन आणि दोन्ही लोकप्रिय: हूक मठारून पसरवणे, किंवा मध्ये पत्र्याची पाचर ठोकणे. दोन्हींनी बंदूक दुकानात घट्ट वाटते आणि दहा बारांत पुन्हा खुळखुळते.

स्क्रूंकडेही बघा. चांगल्या इंग्रजी बंदुकीत स्क्रूच्या डोक्यावरची खाच केसासारखी बारीक असते, तिच्यावर नक्षी असते आणि घट्ट बसल्यावर सगळ्या खाचा नळीच्या दिशेने एका ओळीत येतात. त्या खाचा चिरडलेल्या, फाटलेल्या, वेड्यावाकड्या असतील तर आत कुणीतरी साध्या पेचकसाने जाऊन आलाय, आणि आत काय करून आलाय ते उघडल्यावर कळेल. मी प्रत्येक स्क्रूसाठी पेचकसाचं पातं घासून त्या खाचेच्या मापाचं करतो. बंदूक उघडण्याच्या कामात निम्मा वेळ यातच जातो. म्हणूनच ती तुम्ही घरी उघडू नये असं मला वाटतं. कुलपातली, म्हणजे घोडा चालवणाऱ्या यंत्रणेतली, मोठी स्प्रिंग दाबून धरायला वेगळी पकड लागते, ती सुटली तर स्प्रिंग मोडते आणि बोटही.

घोड्याचं शेपूट ही त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. धातू भरून, उजव्या घोड्याच्या आरशातल्या प्रतिमेसारखं कानशीने घडवायचं, टोकाची चौकटी पुन्हा कापायची. फक्त घोडा अर्ध्यावर आणून, अंगठ्याने हलका दाब देऊन तो ठाम राहतो का, हे दोन्ही बाजूंना पाहायचं. निसटत असेल तर दोष शेपटात नाही, आतल्या खाचेत आहे.

लाकूड. अक्रोडच असणार. मानेतली चीर बहुतेक अशा दस्त्यांना असते, कारण सर्वांत बारीक जागा तीच आणि आतून पोकळही तीच. पण माझा अंदाज, चीर हे कारण नसून परिणाम आहे. पिढ्यान्‌पिढ्या बंदूक तोंड वर करून कोपऱ्यात उभी ठेवतात आणि वरून तेल सोडतात. तेल उतरत उतरत लोखंडाच्या मागे लाकडात मुरतं. काही दशकांत तिथलं लाकूड काळं पडतं, मऊ होतं, नखाने दाबलं तर दबतं. मग प्रत्येक बाराला लोखंड मागे सरकतं आणि दस्ता पाचरीसारखा फाटतो. म्हणून मी तार सोडली की आधी तेल काढतो, मगच जोडतो. खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा. सुकताना ती तेल वर ओढते, पांढरा लेप चहाच्या रंगाचा होतो, झटकायचा, पुन्हा द्यायचा. असे आठ-दहा लेप लागतात. तेलकट लाकडाला कुठलाही गोंद धरत नाही, मग डब्यावर काहीही लिहिलेलं असो. तेल गेल्यावर चीर उघडून आतपर्यंत इपॉक्सी आणि आतून बारीक खुंटी. बाहेरून काही दिसता कामा नये. पितळी पट्टी आणि खिळे मारलेले दस्ते आले की त्या खिळ्यांची भोकं बुजवण्यातच माझा दिवस जातो. तुमच्याकडे तार आहे हे नशीब. तारेने लाकडाला इजा होत नाही.

वरची झिलई लाखेची किंवा चकचकीत वॉर्निशची नको. दस्ता सोफ्यासारखा दिसतो. जुनी इंग्रजी रीत जवसाच्या तेलाची, आणि त्यात लाल झाक यायला एक मुळी भिजत घालत. ती मुळी म्हणजे आपल्या रतनजोतीचीच बहीण. मी बाजारातली रतनजोत जवसाच्या तेलात पंधरा दिवस बरणीत उन्हात ठेवतो आणि तळहाताने घासून थर देतो, दिवसाला एक, तोही पुसून काढलेला. तळहात गरम झाला पाहिजे, तोपर्यंत घासायचं. लाकडावरचे साधे पोचे तर ओलं फडकं आणि इस्त्री यांनीच वर येतात.

नळीला रंग. इथे मात्र कुणाचंही ऐकू नका. उकळत्या क्षारात बुडवून तासाभरात निळी-काळी करून देणारे आहेत. एकनळी रायफलला ती रीत चालते. दुनळीच्या पट्ट्या शिसं-कथलाच्या डाखाने बसवलेल्या असतात आणि तो गरम क्षार डाखालाच खातो. अशी एक बंदूक माझ्याकडे आली, मोठ्या शहरातून ‘नवी’ करून आणलेली. दिसायला झकास. चार महिन्यांत पट्टीच्या कडेने पांढरी पूड बाहेर येऊ लागली आणि टिचकी मारली तर मडकं. दुनळीला मंद गंजाची रीतच हवी: नळी पूर्ण निस्तेल करायची, बोट लावायचं नाही, द्रावणाचा पातळ हात द्यायचा, दमट हवेत गंज येऊ द्यायचा, बारीक तारेच्या कुंच्याने तो हलकेच झाडायचा, पुन्हा हात द्यायचा. दमास्कसला तपकिरी ठेवतात. साध्या पोलादाला प्रत्येक फेरीनंतर उकळत्या पाण्यात घालतात, मग लाल गंज काळा होतो. डझनभर फेऱ्या होतात. त्यासाठी दमट पेटी लागते, पण जुलै महिन्यात राजापूरच्या पडवीत पेटीची काय गरज! रात्री टांगलेली नळी सकाळी तयार.

कुलपाच्या पाट्यांवर कुठे नक्षीच्या पानाआड निळसर-तपकिरी ढगांसारखा रंग उरला असेल तर त्याला हातही लावू नका. तो कडक करताना आलेला मूळ रंग आहे, पुन्हा तसा येत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक पहिलं तेच शोधतं. निकेल चढवून घेणं म्हणजे पैसे देऊन किंमत उतरवणं.

किंमतीचं आता. मोठ्या नावाची बंदूक असेल तर क्रमांकावरून त्या घराण्याच्या जुन्या वह्यांत ती कधी, कुणासाठी बनली ते सापडू शकतं. पत्त्यावरूनही कळतं; उदाहरणार्थ, पर्डी या लंडनच्या नामांकित बंदूककारांच्या बंदुकीवर ‘३१४½ ऑक्सफर्ड स्ट्रीट’ असेल तर ती १८८२च्या आधीची, कारण त्या साली त्यांनी जागा बदलली. मुंबई-कलकत्त्याच्या दुकानदारांचं नाव असेल तर बंदूक बर्मिंगहॅमला बनून इथे नाव कोरून विकलेली. आर्मी अँड नेव्ही या इंग्रजी दुकानदार कंपनीचं मुंबईतलं दुकान १८९१ला उघडलं, तेव्हा ते नाव आणि मुंबईचा पत्ता असेल तर बंदूक त्यानंतरची. मूळ पेटी, तिच्यातलं लेबल, जुना परवाना, आजोबांची खरेदीची पावती, काहीही असेल तर टाकू नका. नळ्यांची लांबीही मोजा. ३० किंवा २८ इंच भरली तर ठीक. सव्वासत्तावीस वगैरे भरली आणि तोंडाशी दोन नळ्यांच्या मध्ये डाखाने भरलेली फट दिसली, तर कुणीतरी कधीतरी कापलेली आहे. तोंडाचं आवळण त्याबरोबर गेलं आणि किंमतही.

पण खरं सांगायचं तर आपल्याकडे गिऱ्हाईक परवानावालंच हवं, आणि त्याला बहुतेक वेळा चालणारी बंदूक हवी असते. शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावस्तू कायद्यामुळे बाहेरही पाठवता येत नाही. म्हणून बाहेरच्या लिलावांतले आकडे बघून हिशेब मांडू नका. तुमची बर्मिंगहॅमची मध्यम प्रतीची किंवा लिएजची निघाली, आणि माझा अंदाज तोच आहे, तर पूर्ण दुरुस्तीचा खर्च तिच्या बाजारभावाच्या वर जाईल.

माझं मत विचाराल तर: दस्ता जोडा, घोडा पुरा करा, पोचा उठवा, पट्टी सुटली असेल तर बसवा, गंज थांबवा. नळ्या घोटू नका. आणि नायट्रोचा शिक्का नसेल, किंवा दमास्कस असेल, तर तिच्यातून आजचं काडतूस उडवू नका, मी जोडून दिली तरीही. मी नळी मोजू शकतो, प्रूफ देऊ शकत नाही. डुकरांसाठी बंदूक हवी असेल तर परवान्यावर दुसरी जागा आहे. ती नव्या डीबीबीएलला द्या.

दाखवायला कुठेही न्याल तेव्हा नळ्या सोडवून, खोळीत घालून, मूळ परवाना बरोबर ठेवून न्या. त्याआधी नळीखालच्या सपाट भागाचे, कुलपाच्या दोन्ही पाट्यांचे आणि तोंडाचे फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता. शिक्के वाचता आले तर निम्मं उत्तर तिथेच मिळेल. आणि ती तांब्याची तार उसवू नका. तिच्याखाली चिरेचा एखादा सुटा तुकडा दाबून धरलेला असेल, तर तो मला त्याच्या जागीच हवा आहे.